कानाचा अभिप्राय

हे पुस्तक मराठी ऑडिओबुकांविषयी आहे आणि ते लिहून झालं याचं बरंचसं श्रेय हिंजवडीच्या ट्रॅफिकला द्यायला हवं. वाकडच्या पुलापासून शिवाजी चौक ओलांडून फेज थ्रीपर्यंत जायचं अंतर इथे कुणी किलोमीटरमध्ये सांगत नाही. ‘निघालात किती वाजता?’ एवढंच विचारतात. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडी, माण, मारुंजीच्या शेतांत राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभं राहू लागलं. इमारती भराभर वाढल्या, रस्ते मात्र गावचेच राहिले आणि पुढे त्याच रस्त्यांवर मेट्रोचे खांब आले. कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या माणसापुढे मग पर्याय मोजकेच उरतात. डुलकी, फोन, नाहीतर कानात कुणीतरी वाचून दाखवत असलेलं पुस्तक. छापील पुस्तक काढावं तर खड्डे अक्षर ठरू देत नाहीत, आणि मला तर बसमध्ये वाचलं की मळमळतं.

यात हिंजवडीचं वेगळेपण काही नाही. कॅलिफोर्नियातल्या डुव्हॉल हेक्ट या गृहस्थांना रोजच्या लांबलचक गाडीप्रवासाचा असाच वैताग आला होता. गडी नौकानयनातला, १९५६च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. रेडिओवरच्या त्याच त्या गाण्यांना आणि जाहिरातींना कंटाळून त्यांनी १९७५ साली ‘बुक्स ऑन टेप’ नावाची कंपनी काढली. अख्खी पुस्तकं, एक ओळ न गाळता, कॅसेटवर वाचून घ्यायची आणि टपालाने भाड्याने पाठवायची. आज आपण ज्याला ऑडिओबुकांचा धंदा म्हणतो, त्याचं एक टोक असं वाहतुकीच्या कोंडीत सापडतं. १९९५ साली सुरू झालेल्या ‘ऑडिबल’ने कॅसेटची कटकट संपवली, पुढे २००८ साली ॲमेझॉनने ती कंपनी विकत घेतली आणि पुस्तकं फोनात आली.

पण ऑडिओबुकांना ट्रॅफिकचं अपत्य समजणं बरोबर नाही. त्यांचा जन्म त्याआधी कितीतरी वर्षांचा, आणि तोही गरजेतून झालेला. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी करताना अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचा उल्लेख केला. ते प्रत्यक्षात यायला अर्धशतक गेलं. अमेरिकेत १९३१च्या कायद्याने अंध वाचकांच्या ग्रंथालयांना सरकारी पैसा मिळू लागला आणि त्यातून काही वर्षांतच ध्वनिमुद्रिकांवरची पुस्तकं आली. ब्रिटनमध्ये १९३५ साली अशी सेवा सुरू झाली तेव्हा पहिल्या पुस्तकांत ॲगाथा ख्रिस्तीची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ होती. तबकडीच्या एका बाजूवर साधारण २५ मिनिटांचं वाचन मावायचं. म्हणजे खुनी कोण हे कळेपर्यंत माणसाने किती तबकड्या उलटायच्या! पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक या पुस्तकांचे सुरुवातीचे वाचक होते.

आपल्याकडे मुंबईची नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ सालची. तिच्या आणि तिच्यासारख्या संस्थांच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांत ज्यांनी पुस्तकं वाचून ठेवली, त्यांची नावं मुखपृष्ठांवर कधी आली नाहीत. निवृत्त शिक्षक, बँकेतल्या बायका, कॉलेजची मुलं. या वाचनाची शिस्त वेगळी असते. पान क्रमांक सांगायचा, तळटीप गाळायची नाही, तक्ता असेल तर तो ओळीने वाचायचा, चित्र असेल तर त्यात काय आहे ते सांगायचं, आणि मुख्य म्हणजे मधे मधे आपलं मत घुसवायचं नाही. आवाजातूनसुद्धा नाही. नवे निवेदक या शाळेकडे जरा तुच्छतेने बघतात. सपाट वाचन म्हणतात. मला मात्र ही मराठी ऑडिओबुकांची सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रामाणिक परंपरा वाटते. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाला इतिहासाच्या पुस्तकात थरार नको असतो, १८१८ हा आकडा स्पष्ट ऐकू यायला हवा असतो. पुढे ‘डेझी’ या पद्धतीमुळे ऐकणाऱ्याला थेट हव्या त्या प्रकरणावर, हव्या त्या पानावर जाता येऊ लागलं. २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला आणि अपंग वाचकांसाठी पुस्तक त्यांना वापरता येईल अशा रूपात आणायला वेगळी परवानगी काढण्याची गरज उरली नाही. या वाचकांसाठीच्या माराकेश कराराला २०१४ साली सगळ्यांत आधी मान्यता दिली ती भारताने, आणि २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झालं. फोनवर ऑडिओबुक ऐकताना आपण ज्या सोयी गृहीत धरतो, त्यांतल्या कितीतरी आधी या वाचकांसाठी घडल्या.

आता मराठीपुरतं. मराठी माणसाला पुस्तक ऐकायला शिकवावं लागलं नाही. ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ चातुर्मासात घरोघरी लावले जात. एकाने पोथी वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. आमच्या हिंजवडीच्या आजूबाजूच्या गावांत आजही सप्ताह बसतो तेव्हा सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण आणि रात्री कीर्तन असतं, आणि मांडवातल्या कर्ण्याचा आवाज टॉवरच्या दहाव्या मजल्यापर्यंत पोहोचतो. तिथे राहणारे आयटीवाले सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार करतात आणि मग कानात हेडफोन घालून कुणीतरी वाचलेलं पुस्तक ऐकतात. (चैत्री पौर्णिमेला म्हातोबाचं बगाड निघतं, त्या दिवशी मात्र आयटी पार्कच्या वाहतुकीला गावाच्या वेळापत्रकाने चालावं लागतं. मला तो दिवस आवडतो.) कीर्तनकाराची एक गोष्ट आजच्या निवेदकांनी उचलावी अशी आहे. पूर्वरंगातलं निरूपण आणि उत्तररंगातलं आख्यान यांचा आवाज तो कधीच एक होऊ देत नाही. समजावणं वेगळं, सांगणं वेगळं.

मग रेडिओ आला. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं आणि दोनच वर्षांत, १९५५च्या रामनवमीपासून, तिथून दर आठवड्याला ‘गीतरामायण’ जाऊ लागलं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत, एकूण ५६ गीतं. ते गाणं आहे, ऑडिओबुक नव्हे, हे मला मान्य आहे. पण एक मोठी कथा भागाभागांनी, ठरलेल्या वेळी, केवळ कानाने घेण्याची सवय मराठी घरांना तिथे लागली. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ने संसारातल्या खुसखुशीत बोलण्याला कानात जागा करून दिली. नीलम प्रभू, बाळ कुडतरकर, प्रभाकर जोशी यांचे चेहरे श्रोत्यांनी पाहिले नव्हते, पण आवाज घरातलेच होते. आकाशवाणीच्या वाचनाचा म्हणून एक घाट तयार झाला. स्वच्छ उच्चार, मोजका चढउतार, घाई नाही. साठीच्या पुढच्या श्रोत्यांना आजही हाच घाट ‘बरोबर’ वाटतो आणि तरुणांना तो बातम्यांसारखा वाटतो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे.

दुसरं घराणं कथाकथनाचं. १९६०च्या दशकात व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे गावोगाव कथा सांगत फिरले. त्यांनी मराठी कथेला दिलेली देणगी मोठी आहे, आणि ऑडिओबुकांच्या डोक्यावर ठेवलेलं ओझंही मोठं आहे. कारण तिथे लेखक स्वतः बोलत होता, समोर माणसं होती, हशा येत होता, आणि हशा संपेपर्यंत थांबायचं कुठे हे अनुभवाने ठरलं होतं. पु. ल. देशपांड्यांचं ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’ मराठी माणसाला पाठ आहे ते शब्दांनी नाही, थांबण्यांनी पाठ आहे. व. पु. काळ्यांच्या कॅसेट ज्यांनी घासून संपवल्या, त्यांना वपुंचं पुस्तक डोळ्यांनी वाचतानासुद्धा त्यांचाच आवाज येतो. आता एखाद्या चांगल्या नटाला पुलंचा लेख वाचायला बसवा. त्याने पुलंसारखं वाचलं तर नक्कल होते, वेगळं वाचलं तर ‘हे पुलं नाहीत’ अशी ओरड होते. माझं मत सांगायचं तर त्याने वेगळंच वाचावं आणि ओरड सोसावी. एका पुस्तकाला एकच आवाज कायमचा चिकटून राहणं हे त्या पुस्तकाच्या तब्येतीला चांगलं नाही. इंग्रजीत हॅरी पॉटर स्टीफन फ्रायने ब्रिटनसाठी वाचला आणि जिम डेलने अमेरिकेसाठी; कोणाचा बरा यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. आपल्याकडे असं भांडायला एकाच पुस्तकाची दोन वाचनं सहसा मिळत नाहीत. मोठं नुकसान आहे हे.

२०१७च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनची ‘स्टोरीटेल’ भारतात आली ती इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊनच. पुढच्या वर्षी ‘ऑडिबल’ची भारतीय सेवा सुरू झाली. आपल्याकडच्या ‘बुकगंगा’नेही श्राव्य पुस्तकं ठेवली. दरमहा ठरावीक रक्कम भरा आणि हवं तेवढं ऐका, या रचनेमुळे नट-नट्यांना मराठी कादंबऱ्या वाचायचं काम मिळू लागलं. फक्त ऐकण्यासाठीच लिहिलेल्या मालिका निघाल्या, दर भागाच्या शेवटी दार वाजतं किंवा फोन येतो अशा. पाठोपाठ २०२०चा लॉकडाऊन आला. हिंजवडीचे रस्ते रिकामे झाले आणि माझ्यासारखीला वाटलं, आता ऐकणं सुटणार. सुटलं नाही, बसमधून उठून ओट्यापाशी आलं. भाजी निवडताना, भांडी घासताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना. बायकांच्या ऐकण्याविषयी कुणी फारसं लिहीत नाही, पण दोन्ही हात कामात आणि डोकं मोकळं, ही अवस्था आपल्याकडे कुणाच्या वाट्याला जास्त येते हे सांगायला नकोच.

तर आज आपल्यापुढे तीन-चार वाचनपद्धती एकाच वेळी चालू आहेत. आकाशवाणीचा संयम, कथाकथनाची रंगत, रंगभूमीवरून आणि मालिकांतून आलेल्या नटांचा अभिनय, आणि अलीकडच्या पॉडकास्टवाल्यांचं कानाशी येऊन गप्पा मारल्यासारखं बोलणं. शिवाय बहुपात्री प्रकार आहेच, दारांचे आवाज आणि पावसासकट. कोणती पद्धत श्रेष्ठ, हा प्रश्न मला निरर्थक वाटतो. कोणतं पुस्तक कोणती पद्धत मागतं, हे विचारावं.

‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची प्रकरणं म्हणजे ४२ ‘रात्री’ आहेत. श्याम मित्रांना रोज रात्री गोष्ट सांगतो आहे. म्हणजे पुस्तकातच एक सांगणारा आणि ऐकणारे बसलेले आहेत. इथे निवेदकाने रडायची काहीच गरज नाही. रडण्याचं काम गुरुजींनी पुरेपूर करून ठेवलं आहे. आवाज जितका कोरडा, तितकं हे पुस्तक आत जातं. ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही यमूच्या तोंडून आलेली कादंबरी. ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती तेव्हा ती घराघरांत मोठ्याने वाचली गेली असणार, असं तिच्या वाक्यांवरूनच वाटतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तर माजघरात बसून केलेलं बोलणंच. ही पुस्तकं कानासाठी जणू बांधून ठेवली आहेत. ‘ययाति’ आणि ‘मृत्युंजय’ या दोन्ही कादंबऱ्यांत पात्रं आळीपाळीने स्वतःची बाजू मांडतात. एकाच आवाजाने ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा वाचायची तर आवाज बदलून भागत नाही, प्रत्येकाचा राग वेगळा करावा लागतो. जे निवेदक देवयानीसाठी नुसता आवाज बारीक करतात, त्यांच्याविषयी पुढे मी फारसं गोड लिहिलेलं नाही.

‘कोसला’ ऐकायला सोपी वाटते, कारण पांडुरंग सांगवीकर बोलतो आहे असं आपण समजतो. पण ती मनातल्या मनात बोलण्याची भाषा आहे, आणि मोठ्याने वाचली की त्यातला तिरकसपणा एकतर विनोदी होतो नाहीतर रडका. जी. ए. कुलकर्णींच्या कथांविषयी माझं मत अजून स्थिर नाही. त्यांच्या लांब, प्रतिमांनी लगडलेल्या वाक्यात मधेच मागे जाऊन पुन्हा वाचावं लागतं, आणि कान मागे जायला आळशी असतो. दुसरीकडे, जीएंची कथा रात्री दिवे मालवून ऐकताना जी भीती वाटते ती पानावर वाटत नाही. आता यातलं कोणतं धरायचं?

यातून माझी एक ठाम समजूत झाली आणि हे सगळं पुस्तक तिच्यावर उभं आहे. ऑडिओबुकावर लिहायचं तर पुस्तकावर लिहून चालत नाही, वाचण्यावर लिहावं लागतं. आपल्याकडे एखाद्या ऑडिओबुकाविषयी कुणी लिहिलंच तर कथानक सांगतात, लेखकाची थोरवी सांगतात आणि शेवटी ‘अमुक यांच्या आवाजाने चार चाँद लावले’ असं म्हणून मोकळे होतात. शास्त्रीय संगीताच्या मैफलीवर आपण असं कधी लिहीत नाही. यमन सुंदर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं; आज तो कसा गायला गेला, ते लिहितो. निवेदक हा त्या पुस्तकाचा पहिला टीकाकार असतो. कुठे थांबायचं, कोणता शब्द दाबायचा, कोणत्या पात्राला सहानुभूती द्यायची, हे तो ठरवतो आणि ऐकणाऱ्याला ते मुकाट्याने मानावं लागतं.

हे कसं घडतं ते बघायला एकदा स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसले होते. आत निवेदिका, समोर टॅब. कागद नाही, कारण पान उलटल्याचा आवाज येतो. अंगात सुती कुडता, बांगड्या काढून बाहेर ठेवलेल्या, बाजूला कोमट पाणी. एका वाक्यात ती अडखळली. रेकॉर्डिस्टने काही सेकंद मागे जाऊन तिचाच आवाज तिच्या कानात सोडला आणि नेमक्या शब्दावर पुन्हा रेकॉर्डिंग चालू केलं. याला ते ‘पंच’ म्हणतात. हे दिवसभर चालतं. दुपारी डबे उघडले, सगळे जेवले, आणि पुन्हा बसल्यावर पहिल्याच ओळीला रेकॉर्डिस्ट म्हणाला, ‘ताई, आवाज बसलाय. सकाळचा ऐका एकदा.’ जेवल्यावर आवाज जड होतो, थोडा खाली उतरतो. सकाळचं अर्धं वाक्य ऐकून, त्याच उंचीवर आवाज नेऊन तिने उरलेलं अर्धं वाक्य जोडलं. त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली आहे. कुठलंही ऑडिओबुक लावलं की प्रकरणाच्या मध्यात कुठेतरी मला जेवणाची सुट्टी ऐकू येते.

बोलीचा प्रश्न याहून अवघड. माझे सासरे, अण्णा, अमरावतीकडचे. काचबिंदूने नजर अधू झाल्यापासून दुपारी ऐकतात. वऱ्हाडी संवाद असलेली एक कादंबरी मी त्यांना लावून दिली होती. निवेदक नावाजलेला, आवाज भारदस्त. अण्णांनी पहिलं प्रकरण शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘वाचते बरा, पन हा आपल्या तिकडचा नाही.’ मी विचारलं, शब्द तर बरोबर आहेत ना? ‘शब्द बरोबर हायेत. पन घाई करते. आमच्याकडे मानूस असा तोडून बोलत नाही.’ पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत बोली म्हणजे ‘ण’चा ‘न’ करणं एवढंच उरतं. उद्धव शेळक्यांची ‘धग’, अण्णाभाऊ साठ्यांचा ‘फकिरा’, दया पवारांचं ‘बलुतं’ या पुस्तकांतली माणसं तीन वेगळ्या मुलखांतली आहेत आणि त्यांच्या मराठीची चाल वेगळी आहे. ती चाल ज्याच्या घरात होती, असा आवाज शोधायला पैसे आणि वेळ लागतो. तो खर्च कुणी करत नाही असं नाही. जिथे केला आहे तिथे मी मोकळेपणाने दाद दिली आहे.

अनुवादित पुस्तकांनी मला वेगळीच गोष्ट शिकवली. यशस्वी व्हा, श्रीमंत व्हा, पहाटे उठा अशा पुस्तकांचे मराठी अनुवाद ऑडिओबुकांच्या दुकानात ढिगाने आहेत. डोळा अनुवाद चालवून घेतो, कान घेत नाही. ‘तुम्ही तुमच्या स्वतःच्या आयुष्याचे चालक आहात’ असलं वाक्य पानावर निसटून जातं. तेच एखाद्या चांगल्या नटाच्या तोंडून आलं की त्याच्या आवाजातली अडचण स्पष्ट ऐकू येते. बिचारा पोटासाठी वाचत असतो. अनुवादकांनी छपाईला देण्याआधी आपलं पान कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावं, एवढी विनंती मी पुढे केली आहे.

हे सगळं आत्ताच लिहायला हवं होतं, त्याला कारण आहे. यंत्राचे आवाज आले आहेत, आणि ते वाईट नाहीत. प्रकाशकाला नटाचं मानधन, स्टुडिओचं भाडं, आठवडाभराचं रेकॉर्डिंग परवडत नसेल तर तो यंत्राकडे वळणारच. मी स्वतः टेस्टिंगमध्ये काम करते, तेव्हा यंत्राविरुद्ध गळा काढणं मला शोभणार नाही. तक्रार आहे ती मराठीच्या खाचाखोचांची. ‘च’, ‘ज’ ही अक्षरं आपण लिहितो सारखी आणि उच्चारतो वेगवेगळी. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च एक नाही. मराठी घरात वाढलेल्या मुलाला हे कुणी शिकवत नाही, आणि यंत्राला कुणीतरी शिकवावंच लागतं. ते कसं शिकेल? माणसांनी नीट वाचलेलं ऐकूनच. म्हणजे आजच्या निवेदकांच्या चुका उद्या यंत्राच्या तोंडी कायमच्या बसणार. चांगलं वाचन कोणतं हे श्रोत्यांनी बोलून दाखवायची वेळ ही आहे.

दुसरं कारण घरातलं. आमच्या सोसायटीतली बरीचशी मुलं घरी फर्डं मराठी बोलतात, पण शाळा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी अक्षर लावून लावून वाचतात आणि चौथ्या ओळीला पुस्तक मिटतात. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी मुलांची कथा हीच. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा तिथे अक्षरं शिकवतात, पण अक्षर येण्यापासून कादंबरी वाचण्यापर्यंतचा रस्ता लांब आहे. या मुलांच्या कानात मराठी पुरेशी आहे. ‘फास्टर फेणे’ किंवा ‘बनगरवाडी’ त्यांच्यापर्यंत पोहोचायला डोळ्याची अट घालायची कशाला? ऐकणं म्हणजे वाचनाचा आळस, असं म्हणणारे बहुतेक वेळा ज्यांना वाचता येतं असेच लोक असतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यावर पेढे वाटले गेले. दर्जा मिळालेल्या भाषेतली पुस्तकं तिच्याच मुलांना ऐकायला मिळावीत, ही मागणी तशी माफकच.

आता या पुस्तकाविषयी. यात कादंबऱ्या आहेत, आत्मचरित्रं आहेत, चरित्रं, भयकथा, मुलांच्या गोष्टी, अनुवाद, आणि काही इंग्रजी पुस्तकंही आहेत. मिशेल ओबामांनी स्वतः वाचलेलं ‘बिकमिंग’ त्यांतलं एक, कारण लेखकाने स्वतः वाचावं की नटाने, हा वाद त्याच्याशिवाय पुरा होत नव्हता. मांडणी लेखकांनुसार नाही, आवाजांनुसार आहे. एकाच निवेदकाची वेगवेगळी पुस्तकं शेजारी ठेवली की त्याच्या सवयी कळतात: कोण वाक्याच्या शेवटी आवाज टाकतो, कोणाला प्रत्येक म्हातारा खोकणाराच वाटतो, कोण विनोदाआधीच हसतो. तारे दिलेले नाहीत. ‘जरूर ऐका’ असंही शक्यतो म्हटलेलं नाही. काही मतं एकमेकांना छेदतात. बसमध्ये ऐकलेलं पुस्तक मी घरी पुन्हा ऐकलं तेव्हा मत बदललं असेल तर दोन्ही टिपणं तशीच ठेवली आहेत. काही पुस्तकं अर्धी सोडली, तीही आहेत, आणि कुठे सोडली ते सांगितलं आहे. नाटकं आणि कविता मुद्दाम वगळल्या. विंदा, बापट, पाडगावकर या तिघांनी गावोगाव कविता वाचून जे केलं, त्याच्याशी तुलना करण्याइतकं काही माझ्या कानावर आलेलं नाही.

वेगाविषयी एक खुलासा करायला हवा, कारण ऐकणारी मंडळी सगळ्यांत आधी वेगच विचारतात. सव्वापट, दीडपट वेगाने ऐकण्याची सोय फोनात असते आणि आमच्या क्षेत्रात ती सर्रास वापरली जाते. पण निवेदकाचं थांबणं हेच जर त्याचं काम असेल, तर ते कापून त्याच्यावर मत देणं योग्य नाही. म्हणून यातलं प्रत्येक पुस्तक मूळ वेगाने ऐकलं आहे. अपवाद फक्त वेळ कसा वाचवावा हे शिकवणाऱ्या पुस्तकांचा; ती दुप्पट वेगाने ऐकली आणि लेखकांची त्याला हरकत नसावी.